भावकीला गुरुवारी चारला बोलावलं तेव्हा

आमच्या आत्याचा पाय मोडला, त्यात सर्वांत जास्त नुकसान साखरेचं झालं.

हे विधान मी विचार करून करतो आहे. बाहत्तरचा दुष्काळ पडण्याच्या आधीचा हिवाळा होता. साखर कार्डावर मिळे. मी नगरमधल्या एका लहानशा दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या बातम्यांतली विशेषणं खोडणे हे माझं काम होतं, आणि घरीही मी तसाच वागतो अशी माझ्या पत्नीची, कुसुमची तक्रार होती. (ही तक्रार तिने तीन वाक्यांत केली होती. दोनांत बसेल, असं मी सुचवलं होतं.)

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, चंद्रभागा. सासर पुणतांब्याचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कालव्याच्या पाण्याखालची थोडी जमीन होती, ती स्वतः उभी राहून कसून घेई. एका सकाळी गोठ्यात शेणावरून तिचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. पुतण्यांनी तिला पॅसेंजरने नगरला आणलं, दवाखान्यात मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिने पडून राहायचं, दवाखान्याच्या जवळपास. दवाखान्याच्या जवळपास आमच्या दोन खोल्या होत्या.

आत्याचं सगळं कुसुम करत असे. अंग पुसणं, वेणी घालणं, भांडं देणं, भांडं उचलणं, आणि प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणायच्या लांब सुईने नेमकी जागा शोधून खाजवणं. ही जागा आत्या तोंडी सांगे. "वर. अजून वर. तिकडं न्हाई, गावाकडं." गावाकडं म्हणजे उत्तरेला. सुई उत्तरेला गेली की आत्या डोळे मिटून म्हणे, "हां. आता पुन्य लागलं तुला."

या कामाबद्दल कुसुमने कधी चकार शब्द काढला नाही. अडचण होती ती बघायला येणाऱ्यांची.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं तर नुसती चौकशी करून भागत नाही, बघायला जावं लागतं. जो जात नाही त्याचं नाव पुढच्या लग्नकार्यापर्यंत लक्षात राहतं. आत्याच्या सासरची भावकी म्हणजे जवळजवळ अर्धं पुणतांबं. सकाळची पॅसेंजर नगरला पोचली की थोड्या वेळाने आमच्या दारात चपला वाजत. येणारा कधी एकटा नसे. हातात पेरूची पिशवी, मेथीची जुडी, एकदा तर पाय बांधलेली कोंबडी. (कोंबडी आमच्या मोरीत चार दिवस राहिली. तिलाही बघायला शेजारची मुलं येत.)

भेटीची एक रीत होती. आधी पाहुणा खाटेशी बसून काही वेळ नुसता प्लास्टरकडे बघे. मग बोटाच्या पेराने त्यावर टकटक करून म्हणे, "पक्कं हाय." मग विचारी, "कसं झालं?" मग आत्या पहिल्यापासून सांगे. मग पाहुणा असाच पाय मोडलेल्या एखाद्या माणसाची गोष्ट सांगे, जो पुढे जन्मभर लंगडला. मग चहा येई. ज्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, त्या जिल्ह्यात कुसुम शेजाऱ्यांकडून वाटी वाटी साखर आणत होती.

पडण्याच्या हकिगतीचीही मला काळजी वाटू लागली होती. पहिल्या आठवड्यात फक्त शेण होतं. दुसऱ्या आठवड्यात म्हशीने धडक दिली. तिसऱ्यात म्हैस बुजली, कारण दावणीखाली नाग होता.

मी न राहवून म्हणालो, "आत्या, नाग नव्हता."

"तू हुतास का तिथं?"

"नव्हतो. पण तूच आधी सांगितलंस की शेणावरून—"

"शेनावरून पडले म्हनून मानूस एवढं भाडं घालून नगरला येतंय व्हय रं? त्येला कायतरी घिऊन जाऊ दी घरी."

त्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा कुसुम मागच्या पायरीवर बसली होती. हातात स्टोव्हची पिन होती. स्टोव्ह आत विझलेला होता. मी विचारलं, काय झालं? तिने पिनेकडे बघितलं आणि म्हणाली, "ही कशाला घेतली होती ते आठवत नाहीये."

मग तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मी रविवारी कोल्हारला जाते. परत कधी येईन ते विचारू नका."

कोल्हार तिचं माहेर. पाच वर्षांच्या संसारात ती सणावारांखेरीज कधी गेली नव्हती.

"आत्याचं कोण करणार?" मी विचारलं. (हा प्रश्न त्या वेळी विचारायला नको होता, हे विचारतानाच कळलं.)

"आत्यांचं करणं मला जड नाही हो. त्यांना बघायला येणाऱ्यांना मी किती दिवस बघू? आज सकाळी एका म्हाताऱ्याने विचारायच्या आधीच मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो मीटर बघायला आला होता."

आवाज चढला असता तर मी घाबरलो नसतो. आवाज चढला नाही. रविवारपर्यंत काहीतरी करणं भाग होतं. कुसुम गेली असती तर आत्याचं भांडं मी उचललं असतं, पण आत्याने ते मला उचलू दिलं नसतं. तिचं ठरलेलं होतं. पुरुषमाणसाला ती फक्त प्लास्टरला हात लावू देई.

मी वृत्तपत्रातल्या माणसाला सुचेल तोच उपाय काढला. येणारे सगळे एकच विचारतात, मग त्यांना एकाच वेळी उत्तर द्यावं. पुढारी मंडळी पत्रकारांना एकत्र बोलावतात, तसं. आठवड्यातून एक दिवस, एक वेळ, एक चहा.

दुसऱ्या दिवशी सोपान नावाचा गृहस्थ आला. पुणतांब्याच्या स्टेशनबाहेर त्याचं चहाचं दुकान होतं, म्हणजे त्याला सांगितलेलं गावभर पोचायला एक गाडी पुरे. निघताना मी त्याला निरोप दिला. तो मी मनात दोनदा संपादित केला होता: "भावकीला सांगा, सगळ्यांनी गुरुवारी चार वाजता एकदम यावं. एकेकट्याने येऊ नये. आत्याला जे सांगायचं ते ती सगळ्यांसमोर एकदाच सांगेल."

सोपानने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "एकदाच?"

"एकदाच."

"बरं," तो म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून स्टेशनकडे गेला. पाहुण्याने आमच्याकडे चहा टाकल्याची ही पहिली वेळ. तिथेच मला शंका यायला हवी होती. मी मात्र कुसुमला सांगितलं की प्रश्न सुटला आहे.

एका अर्थी सुटलाच. त्यानंतर गुरुवारपर्यंत दारात एकही चप्पल वाजली नाही. कुसुम दुपारची झोपली. आत्या तेवढी अस्वस्थ होती. "का रं, गाडी बंद हाय का?" असं ती दर तासाने विचारी.

गुरुवारी चारला यायला सांगितलेली मंडळी गुरुवारी दुपारी बारालाच आली.

पहिल्यांदा आला थोरला पुतण्या रंगनाथ, परीटघडीचं धोतर नेसून, सोबत भावकीतले सर्वांत वयस्कर अण्णा. मग धाकटा पुतण्या भाऊसाहेब, सोबत बायको, सासरा आणि दोन अनोळखी माणसं. रंगनाथ आणि भाऊसाहेब सख्खे भाऊ. बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं, ते बाभूळ वाळून गेली तरी सुरू झालं नव्हतं. ते एका गाडीने, वेगळ्या डब्यांतून आले. त्यांच्या मागोमाग बाकीची भावकी आली. बाहेरची खोली भरली, आतली भरली, उरलेले ओट्यावर बसले. कुणी प्लास्टरवर टकटक केली नाही. कुणी "कसं झालं?" विचारलं नाही. सगळे पारावरच्या बैठकीसारखे गप्प बसले आणि माझ्याकडे बघू लागले.

शिस्त बघून मला समाधान वाटलं. मी खाटेशी उभा राहिलो आणि तयार केलेलं निवेदन सुरू केलं. "हाड जुळत आहे. ताप नाही. भूक चांगली आहे. डॉक्टरांच्या मते—"

"ते ऱ्हाऊ द्या, पावनं," अण्णा म्हणाले. "मुद्द्याचं बोला."

"हाच मुद्दा आहे."

"तुमाला किती लिवून दिलंय, तेवढं आदी सांगा."

तेव्हा भाऊसाहेबाने कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून खाटेच्या कडेला ठेवली. शाईचं पॅड होतं. अंगठ्यासाठी.

"लागलं तर असावं," तो म्हणाला.

"लागलं तर माझंबी हाय," असं रंगनाथ अण्णांना म्हणाला, आणि त्यानेही एक काढलं.

मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं. आमच्या भागात आजारी माणसाला बघायला कुणी वेळ देऊन बोलवत नाही. वार आणि वेळ ठरवून सगळी भावकी खाटेशी बोलावतात, ती एकाच कामासाठी. मूलबाळ नसलेल्या विधवेने भावकी बोलावली, आणि तीही माहेरच्या भाच्याच्या घरी, भाच्याच्या तोंडून, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. माझ्या निरोपातून मी सगळी विशेषणं काढली होती. राहिली होती ती निव्वळ जमिनीची वाटणी.

"गैरसमज झाला आहे," मी म्हणालो. "कुणी काहीही लिहिलेलं नाही."

"मंग वार कुनी काडला?" अण्णांनी विचारलं.

"मी."

"वेळ?"

"मीच."

"बघा," अण्णा सगळ्यांना म्हणाले.

ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "पेपरातलं मानूस. कागुद त्येच्या हातातच ऱ्हातो."

भाऊसाहेबाच्या सासऱ्याने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की झालं ते झालं, पण विहिरीतला हिस्सा तेवढा सोडा. मी सांगितलं की मला विहीर कुठे आहे हेही ठाऊक नाही. "तेच म्हनतो," तो म्हणाला, "तुमाला तिचा काय उपेग?"

आत कुसुम शेजाऱ्यांकडून आणलेल्या पातेल्यात चहा उकळत होती. एक चहा म्हटलं होतं. तो एवढा मोठा असेल असं म्हटलं नव्हतं.

या सगळ्या वेळात आत्या एक शब्दही बोलली नव्हती. उशीला टेकून ती एकेकाचं तोंड बघत होती, आणि तिचा स्वतःचा चेहरा मला आठवड्यात पहिल्यांदाच टवटवीत दिसला. शेवटी तिने दोन्ही पॅडं उचलून उशाखाली ठेवली.

"माज्या जमिनीचं बोलायला आलाय व्हय?"

"तसं न्हाई, काकू," रंगनाथ म्हणाला. "तुज्या जिवाची काळजी हाय."

"हाय ना? मंग जमिनीचं मागनं. आदी सांगा, माजं भांडं कोन उचलतंय?"

सगळ्यांनी खाटेखाली बघितलं.

"आमची मंडळी उचलंल की," रंगनाथ म्हणाला.

"तुजी मंडळी पुनतांब्यात हाय. तुजं सांग."

"म्या?"

"जमीन तुला पायजे का तुज्या मंडळीला?"

रंगनाथ विचार करत होता, तेवढ्यात भाऊसाहेब उठला. त्याने वाकून खाटेखालचं भांडं काढलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि दाराकडे निघाला. दारात पोचल्यावर त्याला कळेना की आता जायचं कुठे. तोवर रंगनाथ पोचला होता. त्याने भांड्याचा दुसरा कान धरला.

"सोड," रंगनाथ म्हणाला.

"तू सोड."

बाभळीनंतर दोन भावांमध्ये झालेलं हे पहिलं संभाषण. अण्णा डोळे पुसू लागले. (आनंदाने की कशाने, याची मी खातरजमा केली नाही.)

नेमकी त्याच वेळी कुसुम कपांचं ताट घेऊन आतून आली. दारात दोन धट्टेकट्टे पुरुष आत्याचं भांडं ओढत होते, आणि मधल्या वाटेवर कुणीही हलायला तयार नव्हतं. ती थांबली. तिने शांतपणे सांगितलं, "ते धुतलेलं आहे."

मग तिने ताट खाली ठेवलं, उंबऱ्यावर बसली आणि हसू लागली. आधी सगळेच थोडे हसले. मग बाकीचे थांबले. ती थांबली नाही. पदर तोंडावर धरून ती हसत राहिली, आणि कुठल्या तरी एका क्षणी ते हसणं राहिलं नव्हतं. खांदे तसेच हलत होते, एवढंच. भाऊसाहेबाने आणि रंगनाथने भांडं मिळून खाली ठेवलं. मी तिच्याजवळ गेलो आणि काय म्हणावं हे न सुचून "पाणी?" असं म्हणालो. हे एका शब्दात बसलं, पण पुरेसं नव्हतं.

आत्या बघत होती.

"कुसुम," ती म्हणाली, "तुजं म्हायेर कोल्हारला ना?"

कुसुमने पदराआडून मान हलवली.

"रविवारी निगालीस म्हनं."

कुसुमने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, मागच्या पायरीवरचं बोलणं खाटेपर्यंत जातं, हे आम्ही दोघेही विसरलो होतो.

"आत्या, मी तुम्हाला सोडून—"

"सोडून कशाला? मलाबी ने. तुजी आई हाय, दोन भावजया हायेत. चौघीत माजं कायबी जड न्हाई. तू आपली झोप काड."

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "पन वयनी, सोयऱ्याच्या घरी? मंग आमी बघाया कसं यायचं?"

"या की. कोन नगं म्हनतंय? पन सोयऱ्याच्या दारात पयल्यांदा जायाचं, तर रिकाम्या हातानं जायाची न्हाई आपल्या भावकीची रीत. इहिनीला लुगडं, येह्याला धोतरजोडी, दोगी सुनांना खण. पेरू चालायचं न्हाईत."

भावकीच्या चेहऱ्यांवर हिशेब दिसू लागला. मी एवढं डोकं लढवून जे साधलं नव्हतं, ते आत्याने खाटेवरून चार वस्तू सांगून साधलं होतं.

चहा पिऊन मंडळी उठली. जाताना भाऊसाहेबाने उशाकडे एकदा बघितलं; पॅड परत मागायचं धाडस त्याला झालं नाही. दोघे भाऊ मात्र एकाच डब्यातून गेले. लुगडं मिळून घ्यावं की वेगवेगळं, यावर स्टेशनपर्यंत त्यांचं चाललं होतं. (जमिनीचं काय झालं असं लोक अजून विचारतात. काही झालं नाही. प्लास्टर निघाल्यावर आत्या पुणतांब्याला गेली आणि तिथे काठी टेकत स्वतः पाणी धरू लागली.)

रविवारी एका ओळखीच्या टेम्पोत गादी घालून दोघी कोल्हारला गेल्या. कुसुम पहिले दोन दिवस फक्त झोपली, असं मला नंतर कळलं. तिच्या आईचं आणि आत्याचं एवढं जमलं की सुई आता कोणत्याही दिशेला जाई.

हकिगत इथे संपायला हवी होती. पण आत्या हलली ही बातमी भावकीच्या बाहेर पोचायला वेळ लागला. लांबचे पाहुणे, शेजारच्या गावचे ओळखीचे, आत्याच्या मैत्रिणी आमच्याच दारात येत राहिल्या. आत्या नाही म्हटल्यावर ते परत फिरतील, असं मला वाटलं होतं. ते बसत. रिकाम्या खाटेकडे बघत. मग विचारत, "कसं झालं?"

मी सांगे, "शेणावरून पाय घसरला."

"आनि?"

"आणि हाड मोडलं."

एवढ्यावर कुणी उठत नसे. राहुरीहून आलेल्या एका म्हातारीने तर मला स्पष्टच विचारलं की बाकीचं का लपवतोस. मंगळवारी मी म्हैस घातली. शुक्रवारी नाग निघाला. शनिवारी तो फणा काढून उभा होता आणि मी चहा गाळत होतो.

त्याच आठवड्यात कार्यालयात कांद्याच्या बाजारभावाच्या बातमीत तीन विशेषणं तशीच राहिली. संपादकांनी मला बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी त्यांना पहिल्यापासून सांगू लागलो. ते म्हणाले, "तुम्ही चार दिवस रजा घ्या."

कोल्हारवरून जाणाऱ्या एस.टी.च्या ओळखीच्या कंडक्टरकडे मी कुसुमसाठी निरोप दिला: "मला बरं वाटत नाही. विश्रांतीसाठी येतो." सहा शब्द. त्यातला एकही मला कमी करता आला नाही.

संध्याकाळच्या गाडीने उत्तर आलं. कंडक्टरने ते जसंच्या तसं सांगितलं, "आत्याबाई म्हनल्या, खुशाल या. पन रीत सगळ्यांना सारकी हाय."

आमच्याकडे जावई सासुरवाडीला जातो तेव्हा त्याला आहेर मिळतो. मी कापडबाजारातून लुगडं, धोतरजोडी आणि दोन खण घेऊन गेलो. ओट्यावर कुसुम पेरू खात बसली होती. चेहरा भरला होता. तिने मला बघून हातातला पेरू खाली ठेवला नाही. आत खाटेवर आत्याने लुगडं उलगडलं, काठ बोटांनी चाचपला, उजेडाकडे धरून पाहिलं आणि माझ्या सासूबाईंकडे वळून म्हणाली,

"हलकं हाय. पन आपलंच मानूस हाय, ऱ्हाऊ द्या दोन दिस."